हिरड्याच्या अर्काची रासायनिक घडण आणि अँटिऑक्सिडंट क्षमता कशी तपासावी

हिरड्याच्या अर्कातील एकूण फिनॉलचे (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट घटकांच्या एका मोठ्या गटाचे) प्रसिद्ध झालेले आकडे शेजारी शेजारी मांडले, तर त्यांत कितीतरी पटींची तफावत दिसते. ही सगळी तफावत झाडांतली नसते. कोणी फळ बियांसकट दळलेले असते, कोणी फक्त गर घेतलेला असतो. कोणी आकडा सुक्या अर्काच्या ग्रॅममागे दिलेला असतो, कोणी पुडीच्या ग्रॅममागे. आणि कित्येकांनी तो नेमका कशामागे दिला आहे हेच लिहिलेले नसते. वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्राचा पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येईल अशी कार्यपद्धती पुढे दिली आहे. उदाहरण हिरड्याचे घेतले आहे. तो सह्याद्रीत सहज मिळतो, टॅनिनांनी (तुरट चव देणाऱ्या, फिनॉल गटातल्या घटकांनी) समृद्ध आहे आणि त्यामुळेच तपासणीत जिथे जिथे फसगत होऊ शकते, त्या बहुतेक जागा त्याच्या निमित्ताने दाखवता येतात.

नमुना गोळा करणे आणि ओळख पटवणे

हिरडा म्हणजे टर्मिनालिया चेब्युला. बेहडा, अर्जुन आणि ऐन ही त्याचीच भावंडे त्याच रानात असतात, त्यामुळे ‘गावातल्या जाणकाराने दाखवला’ एवढ्यावर भागत नाही. पाने आणि शक्य असल्यास फुले-फळे असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, तिच्यासोबत ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि ती पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत किंवा आपल्या विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहालयात दाखवून ओळख पक्की करून घ्यावी. तिथे मिळालेला नमुना क्रमांक प्रबंधात आणि शोधनिबंधात द्यावा लागतो. तो नसेल तर पुढचे सगळे काम कोणत्या झाडाचे आहे याला पुरावा उरत नाही. वनक्षेत्रातून नमुना आणायचा असेल तर वनविभागाची परवानगी घ्यावी आणि २००२च्या जैविक विविधता कायद्याखाली आपल्या कामाला काय लागू होते हे मार्गदर्शकांना आधीच विचारून ठेवावे.

फळ कोणत्या अवस्थेतले आहे, हे ओळखीइतकेच महत्त्वाचे आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची कुटुंबे जो बाळहिरडा वेचतात, ते आठळी कठीण होण्यापूर्वीचे कोवळे फळ असते आणि वाळल्यावर ते काळे पडते. सुरवारी हिरडा म्हणजे पूर्ण वाढलेले, पिवळसर-तपकिरी, टणक आठळीचे फळ. या दोघांचे निष्कर्ष एकाच शीर्षकाखाली देता येत नाहीत. बाजारातून माल घेतला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. तो किती दिवस कोणत्या गोदामात पडून होता हे दुकानदारालाही सांगता येत नाही, म्हणून अशा मालावरून झाडाच्या गुणांविषयी विधान करू नये.

वाळवणे, दळणे आणि ओलावा

फळे धुवून, पाणी पुसून, सावलीत पसरावीत किंवा ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवावीत. पूर्ण वाढलेल्या हिरड्याची आठळी फोडून वेगळी करावी आणि फक्त गर घ्यावा. कुटण्यासाठी लोखंडी खलबत्ता मुळीच वापरू नये, कारण टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर-काळा रंग तयार होतो, पुडीचा रंग बदलतो आणि काही टॅनिन तिथेच अडकून पडते. चिनी मातीचा खल किंवा स्टेनलेस स्टीलचे मिक्सरचे भांडे घ्यावे, थांबून थांबून दळावे म्हणजे पूड तापत नाही, आणि ४० क्रमांकाच्या चाळणीतून चाळून घ्यावी. चाळणीवर राहिलेला भरड भाग फेकू नये, तो पुन्हा दळून त्याच पुडीत मिसळावा. चिवट, तंतुमय भाग टाकून दिला तर नमुना कळत-नकळत निवडक होतो.

पुडीतला ओलावा त्याच दिवशी काढावा. सुमारे २ ग्रॅम पूड अचूक तोलून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवली, की किती टक्के घट झाली ते कळते. एकूण राख, आम्लात न विरघळणारी राख आणि पाण्यात व अल्कोहोलात विरघळणारा अंश या चाचण्या भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात दिलेल्या पद्धतीने कराव्यात आणि तिथल्या हरीतकीच्या मर्यादांशी ताडून पाहाव्यात. त्या जुन्या वळणाच्या आणि कंटाळवाण्या वाटतात, पण माती, रेती किंवा आधीच सत्त्व काढून घेतलेला माल ओळखायला त्यांच्याइतका स्वस्त उपाय नाही.

अर्क काढणे

१० ग्रॅम पूड २५० मिलिलिटरच्या शंकूपात्रात घ्यावी, तिच्यावर १०० मिलिलिटर द्रावक घालावा, तोंड बंद करावे आणि पात्र २४ तास शेकरवर अंधारात ठेवावे. व्हॉटमन क्रमांक १च्या कागदातून गाळून उरलेल्या चोथ्यावर पुन्हा ताजा द्रावक घालून हीच क्रिया आणखी दोन वेळा करावी आणि तिन्ही वेळा गाळून मिळालेली द्रावणे एकत्र करावीत. हिरड्यासाठी ७० टक्के इथेनॉल किंवा ८० टक्के मेथॅनॉल योग्य ठरते, कारण यातली टॅनिने पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात शुद्ध अल्कोहोलापेक्षा चांगली उतरतात. इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, म्हणून बहुतेक महाविद्यालये मेथॅनॉलवर भागवतात. प्रयोगापुरते ते चालते, मात्र मेथॅनॉल विषारी आहे, त्याचे काम धूरकपाटातच करावे आणि असा अर्क कोणाही माणसाला किंवा प्राण्याला देण्याचा विचार पुढे असेल तर सुरुवातीपासून इथेनॉल किंवा पाणीच वापरावे.

सॉक्सलेट यंत्र (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणारे) प्रत्येक प्रयोगशाळेत असते आणि ते दिसायला शास्त्रीय दिसते, म्हणून पुष्कळजण त्याच्याकडे वळतात. हिरड्याच्या बाबतीत मी ते टाळण्याचाच सल्ला देईन. चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ल ही जलविघटनाने तुटणारी टॅनिने आहेत. तासन्‌तास उष्णतेत राहिल्यावर त्यांचे गॅलिक व इलॅजिक आम्लात विघटन होऊ लागते, आणि मग आपण जे मोजतो ते फळातले प्रमाण आहे की यंत्राने घडवलेले, हे सांगता येत नाही. काढ्याचाच अभ्यास करायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे उकळणे हाच प्रश्नाचा भाग असतो.

एकत्र केलेले गाळीव द्रावण रोटरी बाष्पीभवकावर ४० अंशांखाली निर्वातात आटवावे. उरलेले पाणी शीतशुष्कन यंत्राने काढता आले तर उत्तम, नाहीतर रुंद चिनी मातीच्या बशीत ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवावे. मिळणारा तपकिरी, ठिसूळ अर्क हवेतली ओल झपाट्याने ओढतो. पावसाळ्यात तर तोलकाट्यावर ठेवल्या ठेवल्या आकडा वर सरकताना दिसतो. म्हणून तो डेसिकेटरमध्ये ठेवावा, बाहेर काढल्यावर लगेच तोलावा आणि लहान लहान गडद बाटल्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी सगळा साठा उघडावा लागत नाही. अर्काचे वजन भागिले पुडीचे वजन गुणिले १०० हा उतारा टक्क्यांत वहीत लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक गणिताला तो लागणार आहे.

गुणात्मक चाचण्या

या चाचण्या दिवसभरात उरकतात आणि त्यांना तेवढेच महत्त्व द्यावे. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकल्यावर निळा-काळा रंग आला तर गॅलिक आम्लावर आधारलेली टॅनिने असावीत, हिरवट-काळा आला तर संघनित प्रकारची. मीठ घातलेल्या १ टक्का जिलेटिनाच्या द्रावणात पांढरट साका बसला की टॅनिनाला दुजोरा मिळतो. मॅग्नेशियमची कात्रणे आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल यांची शिनोडा चाचणी फ्लॅव्होनॉइडांसाठी, हलवल्यावर टिकणारा फेस सॅपोनिनांसाठी, तर ड्रॅगेनडॉर्फ आणि मेयर अभिकारक अल्कलॉइडांसाठी वापरतात. शेवटच्या दोहोंबाबत सावध असावे. प्रथिने आणि इतर घटकही असा साका देऊ शकतात, त्यामुळे आम्लात काढून, आम्लारीने मोकळा करून, सेंद्रिय द्रावकात उतरवलेल्या अंशावर चाचणी पुन्हा सकारात्मक आल्याशिवाय ‘अल्कलॉइड आढळले’ असे लिहू नये. तक्त्यात एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक अशी चिन्हे देण्याची रीत आहे. रंग किती गडद हे डोळ्यांनी ठरवलेले असते, तेव्हा त्यावरून प्रमाणाची तुलना करण्यात अर्थ नाही.

एकूण फिनॉल: फोलिन-सिओकॅल्टू पद्धत

सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. अभिकारक दहापट पातळ करावा. तो पिवळा असायला हवा. हिरवट झाला असेल तर खराब झाला असे समजून नवी बाटली उघडावी. परीक्षानळीत ०.५ मिलिलिटर नमुना आणि २.५ मिलिलिटर पातळ अभिकारक घालावा, ५ मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेटचे २ मिलिलिटर द्रावण मिसळावे, ३० मिनिटे अंधारात ठेवून ७६५ नॅनोमीटरवर शोषकता (द्रावण किती प्रकाश शोषते तो आकडा) वाचावी. प्रमाणरेषेसाठी (माहीत असलेल्या संहतींवरून काढलेल्या तुलनेच्या रेषेसाठी) गॅलिक आम्लाची १० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या टप्प्यातली किमान पाच द्रावणे त्याच दिवशी, त्याच अभिकारकाने चालवावीत. मागच्या महिन्याची प्रमाणरेषा या महिन्यात चालत नाही.

गणित उदाहरणादाखल घेतलेल्या आकड्यांनी पाहू. समजा प्रमाणरेषेचे समीकरण शोषकता = ०.०१०५ × संहती + ०.०१२ असे आले. मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅम अर्क असलेल्या द्रावणाची शोषकता ०.५३७ आली, तर त्यातले फिनॉल मिलिलिटरमागे ५० मायक्रोग्रॅम गॅलिक आम्लाइतके ठरते. म्हणजे १ ग्रॅम अर्कामागे ५०० मिलिग्रॅम. उतारा ४२ टक्के असेल तर १ ग्रॅम पुडीमागे हेच प्रमाण २१० मिलिग्रॅम होते, आणि पुडीत ८ टक्के ओलावा असेल तर पूर्ण सुक्या पुडीच्या ग्रॅममागे २१० भागिले ०.९२, म्हणजे सुमारे २२८ मिलिग्रॅम. एकाच मोजणीतून ५००, २१० आणि २२८ असे तीन आकडे निघाले आणि तिन्ही बरोबर आहेत. सुरुवातीला ज्या तफावतीचा उल्लेख केला, तिचा मोठा वाटा इथे तयार होतो. दोन द्रावकांची तुलना करायची असेल तर पुडीच्या ग्रॅममागचा आकडाच घ्यावा. अर्काच्या ग्रॅममागे सरस दिसणारा द्रावक पुष्कळदा मुळात फारच थोडा अर्क देत असतो.

हा अभिकारक फक्त फिनॉलांशीच अभिक्रिया करतो असे नाही. जीवनसत्त्व क, क्षपणकारी शर्करा आणि काही अमिनो आम्लेही निळा रंग देतात. आवळ्यासारख्या फळात हा मुद्दा हिरड्यापेक्षा जास्त जाणवतो. टॅनिनांचा वेगळा अंदाज हवा असेल तर अर्काच्या द्रावणात तेवढेच पाणी आणि १०० मिलिग्रॅम पॉलिव्हिनाइल-पॉलिपायरोलिडोन मिसळून ४ अंशांवर १५ मिनिटे ठेवावे, सेंट्रिफ्यूज करावे आणि वरच्या निवळीवर हीच चाचणी पुन्हा करावी. ही भुकटी टॅनिनांना धरून खाली बसते, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक हा टॅनिनांचा वाटा. पाणी मिसळल्याने द्रावण दुप्पट पातळ झाले आहे, हे गणितात विसरू नये.

फ्लॅव्होनॉइडांसाठी ॲल्युमिनियम क्लोराइडची पद्धत वापरतात: ०.५ मिलिलिटर नमुना, १.५ मिलिलिटर मेथॅनॉल, १० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड ०.१ मिलिलिटर, १ मोलर पोटॅशियम ॲसिटेट ०.१ मिलिलिटर आणि २.८ मिलिलिटर पाणी. ३० मिनिटांनी ४१५ नॅनोमीटरवर वाचन, प्रमाण म्हणून क्वेर्सेटिन. या तरंगलांबीवर तपकिरी अर्क स्वतःच प्रकाश शोषतो, म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइडच्या जागी पाणी घातलेली वेगळी नळी ठेवून तिचे वाचन वजा करावे. ती नळी वगळली, की अर्काचा नुसता तपकिरी रंगच फ्लॅव्होनॉइड म्हणून मोजला जातो.

डीपीपीएच चाचणी

डीपीपीएच हा जांभळ्या रंगाचा स्थिर मुक्त मूलक आहे, आणि अँटिऑक्सिडंटाने तो निष्प्रभ केला की त्याचा रंग फिका पडतो. ब्लॉइस यांनी १९५८मध्ये सुचवलेली ही चाचणी सर्वांत सोपी समजली जाते आणि तिच्यातच सर्वाधिक चुकीचे आकडे निघतात. ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलिटर मेथॅनॉलात विरघळवले की ०.१ मिलिमोलर जांभळे द्रावण मिळते. ते फॉइलने गुंडाळावे आणि त्याच दिवशी संपवावे. ३ मिलिलिटर द्रावणात १ मिलिलिटर नमुना मिसळून ३० मिनिटे अंधारात ठेवावे आणि ५१७ नॅनोमीटरवर वाचावे. नियंत्रण नळीत नमुन्याऐवजी तोच द्रावक तेवढाच घालावा. तिची शोषकता सुमारे ०.८ यायला हवी. प्रत्येक संहतीसाठी डीपीपीएचऐवजी नुसते मेथॅनॉल घातलेली रंगनळीही ठेवावी. प्रतिबंधाची टक्केवारी म्हणजे नियंत्रणाच्या शोषकतेतून नमुन्याची, रंगनळीचे वाचन वजा केलेली, शोषकता वजा करून नियंत्रणाने भागणे आणि १००ने गुणणे.

यानंतर अर्धप्रतिबंधक संहती, म्हणजे ५० टक्के प्रतिबंध करणारी, सर्वत्र लिहितात ती आयसी-५०, काढायची. ती आपण घातलेल्या द्रावणाची संहती आहे की मिश्रणातली अंतिम संहती, हे ठरवून तसे लिहावे. वरच्या कृतीत या दोहोंत चौपट फरक आहे. अंतिम संहतीच द्यावी असे माझे मत आहे. आपली चाचणी ठीक चालली आहे का, हे जीवनसत्त्व कवरून पडताळता येते. त्याचा एक रेणू डीपीपीएचच्या दोन रेणूंना निष्प्रभ करतो. मिश्रणात डीपीपीएच ०.०७५ मिलिमोलर आहे, त्याचे निम्मे ०.०३७५, त्यासाठी लागणारे जीवनसत्त्व क ०.०१८७५ मिलिमोलर, म्हणजेच मिलिलिटरमागे सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम. आपला आकडा याच्या आसपास आला तर पुढे जावे. तो ३० किंवा ४० आला, तर जीवनसत्त्वाचे द्रावण शिळे आहे, डीपीपीएच तोलताना गफलत झाली आहे किंवा संहतीचे गणित चुकले आहे. कारण सापडेपर्यंत अर्काच्या नळ्या लावू नयेत. हेच गणित आणखी एक गोष्ट दाखवते. डीपीपीएच दुप्पट घेतले तर अर्धप्रतिबंधक संहतीही दुप्पट होते, म्हणून वेगळ्या मात्रेने केलेल्या कामातील आकड्यांशी आपल्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. प्रमाणद्रव्याच्या, म्हणजे ट्रोलॉक्स (जीवनसत्त्व ईचे पाण्यात विरघळणारे रूप) किंवा जीवनसत्त्व कच्या, तुलनेत दिलेली क्षमता त्या मानाने भरवशाची असते.

हिरड्याचा अर्क तीव्र असल्याने अंतिम संहती मिलिलिटरमागे १ ते २० मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात ठेवून सुरुवात करावी. पहिलीच नळी फिकट पिवळी पडली तर आणखी पातळ करावे. २० ते ८० टक्के प्रतिबंधाच्या दरम्यान निदान चार-पाच बिंदू हवेत. ९५ टक्क्यांवर सपाट झालेले बिंदू धरून सरळ रेषा मारली, तर ५० टक्क्यांचा छेद भलतीकडेच जातो. मोठ्या रेणूंची टॅनिने हळूहळू अभिक्रिया करतात, म्हणून एका मधल्या संहतीवर दर १० मिनिटांनी वाचन घेऊन शोषकता कधी स्थिरावते ते एकदा पाहून ठेवावे आणि ती वेळ सर्व नमुन्यांना सारखी लावावी. पाण्यातला अर्क मेथॅनॉलात घातल्यावर कधी कधी गढूळ होतो. गढूळपणाने शोषकता वाढते आणि क्षमता कमी भासते, तेव्हा नळी उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय यंत्रात ठेवू नये.

दुसरी बाजू: एबीटीएस आणि एफआरएपी

एका चाचणीवर थांबू नये. एबीटीएसमध्ये ७ मिलिमोलर एबीटीएस आणि मिश्रणात २.४५ मिलिमोलर होईल इतके पोटॅशियम पर्सल्फेट १२ ते १६ तास अंधारात ठेवून निळा-हिरवा मूलक तयार करतात, तो ७३४ नॅनोमीटरवर शोषकता ०.७०च्या आसपास येईल इतका पातळ करतात आणि ट्रोलॉक्सच्या तुलनेत मोजतात. या तरंगलांबीवर वनस्पतीचा स्वतःचा तपकिरी रंग फारसा आड येत नाही, आणि ही चाचणी पाण्यातल्या अर्कालाही मानवते. एफआरएपी ही बेन्झी आणि स्ट्रेन यांनी १९९६मध्ये दिलेली पद्धत फेरिक लोहाचे क्षपण मोजते: पीएच ३.६चे ३०० मिलिमोलर ॲसिटेट बफर, ४० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लातले १० मिलिमोलर टीपीटीझेड (क्षपण झालेल्या लोहाशी निळा रंग देणारे अभिकारक) आणि २० मिलिमोलर फेरिक क्लोराइड १०:१:१ या प्रमाणात, ३७ अंशांवर, वाचन ५९३ नॅनोमीटरवर. मूळ कृतीतली ४ मिनिटे टॅनिनांना पुरत नाहीत, म्हणून ३० मिनिटांचे वाचनही घ्यावे आणि दोन्ही द्यावीत. हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करण्याची २३० नॅनोमीटरवरची चाचणी अजून अनेक प्रबंधांत दिसते. फिनॉले स्वतःच त्या भागात जोरात शोषण करतात, त्यामुळे हिरड्यासाठी ती मी वगळेन.

घटकांची ओळख

एकूण फिनॉल हा एक ढोबळ आकडा आहे. त्यात कोणते घटक आहेत हे क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारी पद्धतच सांगते. सिलिका जेल ६० एफ-२५४च्या पट्टीवर टोल्युईन, इथिल ॲसिटेट, फॉर्मिक आम्ल आणि मेथॅनॉल ३:३:०.८:०.२ या प्रमाणात चालवून शेजारी गॅलिक व इलॅजिक आम्लाचे ठिपके ठेवावेत. पट्टी आधी २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पाहावी, मग तिच्यावर मेथॅनॉलातले डीपीपीएच फवारावे. जांभळ्या पार्श्वभूमीवर पिवळे डाग उमटतात आणि क्षमता कोणत्या पट्ट्यांत आहे ते नजरेसमोर येते. एका स्वस्त पट्टीवर रासायनिक घडण आणि क्षमता यांची सांगड घालणारा हा प्रयोग फार कमीजण करतात.

प्रमाण ठरवण्यासाठी एचपीएलसी (दाबाखाली चालणारी द्रव क्रोमॅटोग्राफी) लागते: सी-१८ स्तंभ, ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचे पाणी आणि ॲसिटोनायट्राइल यांचा क्रमाने वाढत जाणारा प्रवाह, शोधक २७० ते २८० नॅनोमीटरच्या दरम्यान. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळूनच घालावा. प्रमाणद्रव्य असलेल्या शिखरालाच नाव द्यावे, तेही धारणकाल (घटक स्तंभातून बाहेर यायला लागणारा वेळ) आणि अतिनील वर्णपट दोन्ही जुळल्यावर. महाविद्यालयात यंत्र नसेल तर आयआयटी मुंबईच्या प्रगत विश्लेषण उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी शुल्क भरून नमुने तपासून मिळतात.

जीसी-एमएसचा (वायू क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापन यांच्या जोडयंत्राचा) मोह मात्र आवरावा. हिरड्याची टॅनिने वायुरूप होतच नाहीत, त्यामुळे त्या यंत्रातून मेदाम्ले आणि इतर उडणारे किरकोळ घटकच बाहेर येतात. संगणकातला संग्रह प्रत्येक शिखराला काहीतरी नाव देतो, आणि मग प्रबंधात सिलोक्झेन आणि थॅलेट यांची नावे ‘वनस्पतीतील जैवसक्रिय घटक’ म्हणून छापून येतात. पहिले बहुधा यंत्राच्या स्तंभातून आलेले असतात, दुसरे प्लॅस्टिकच्या बाटल्या-नळ्यांतून. नुसता द्रावक चालवून त्याचा आलेख शेजारी ठेवला, तर यांतले बरेच जागच्या जागी उघडे पडतात.

पुनरावृत्ती आणि अहवाल

एकाच अर्काच्या तीन क्युव्हेट वाचणे ही यंत्राची पुनरावृत्ती आहे, नमुन्याची नव्हे. निदान तीन वेगळ्या झाडांच्या फळांचे, तेवढे शक्य नसेल तर एकाच पुडीचे स्वतंत्रपणे काढलेले तीन अर्क घ्यावेत, प्रत्येकाची तीनदा वाचने घेऊन सरासरी काढावी आणि मग त्या तीन सरासरींवर प्रमाणित विचलन व एनोव्हा (गटांच्या सरासरींतला फरक खरा आहे का ते तपासणारी चाचणी) करावे. नऊ वाचने नऊ नमुने समजून संख्याशास्त्र लावले, की नसलेला फरकही ठळक दिसू लागतो. एकूण फिनॉल आणि डीपीपीएच यांचा सहसंबंध काढताना दोन्ही अभिक्रिया मुळात इलेक्ट्रॉन देण्याच्याच आहेत हे ध्यानात ठेवावे. सहसंबंध जुळला यात नवल नसते आणि त्यावरून ‘फिनॉलांमुळेच क्षमता आली’ हे सिद्धही होत नाही.

अहवालात अर्धप्रतिबंधक संहतीच्या ओळीत पुढील तपशील एकत्र यावेत: फळाची अवस्था, द्रावक, उतारा, मिश्रणातली डीपीपीएचची संहती, वेळ, अंतिम संहतीतला आकडा विचलनासह, आणि त्याच दिवशी मिळालेला जीवनसत्त्व कचा आकडा. निष्कर्षात ‘मधुमेह, कर्करोग व हृदयरोगावर उपयुक्त’ असे काही लिहू नये. परीक्षानळीतला मूलक शरीरात नसतो, आणि हिरड्यातली मोठी टॅनिने आतड्यात जंतूंकडून मोडली जाऊन युरोलिथिनांसारख्या वेगळ्याच रेणूंच्या रूपात रक्तात पोहोचतात. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या ओआरएसी या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांचा आपला संग्रह २०१२मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, तो असे आकडे जाहिरातींत आरोग्यलाभ म्हणून वापरले जात होते म्हणूनच. ‘८० टक्के मेथॅनॉलात काढलेल्या बाळहिरड्याच्या अर्काने या परिस्थितीत डीपीपीएच मूलकाचे इतके शमन केले’ एवढे विधान आपल्या पुराव्यात बसते, आणि परीक्षकाने प्रश्न विचारला तर वहीतल्या नोंदींवरून ते टिकवता येते.